उथळ बाजू

बाईंनी लोखंडी दांडा सोडला आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा घट्ट धरला. पोहण्याच्या तलावाची ही उथळ बाजू, पाणी जेमतेम छातीपर्यंत. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तो सगळा त्यांच्या एकटीच्या पायांचा होता.

"सोपं आहे हो! अंग सैल सोडा," शिकवणारी काठावरून ओरडली.

बाईंना तिचा राग आला. सोपं म्हणे! मग आठवलं, आधी आपल्या देशात आणि आता या परक्या लहानशा गावात, फळ्यावर गणित मांडताना आपणही हेच म्हणत आलोय. परवा अपूर्णांकांपाशी अडलेली शेवटच्या बाकावरची मुलगी ते ऐकून मान खाली घालून बसली होती. बाईंना पाण्यातही घाम फुटला.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. शनिवारी त्यांच्या वर्गाची सहल गावाबाहेरच्या सरोवरावर जाणार होती. मुलाखतीत मुख्याध्यापिकांनी "पोहता येतं ना?" असं विचारलं, तेव्हा नोकरी हातची जाऊ नये म्हणून बाई ठासून "हो" म्हणाल्या होत्या. आता पोरं त्यांच्या भरवशावर पाण्यात उतरणार.

"सांगून टाक की सरळ," नवरा फोनवर म्हणाला होता.

"तुझं काय जातंय सांगायला!"

सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर एखाद्या पोराचा जीव. इकडे आड, तिकडे विहीर, आणि बाईंना दोन्हींत पोहता येत नव्हतं.

दांड्याच्या दुसऱ्या टोकाला टोपी आणि पोहायचा चष्मा घातलेलं कुणीतरी भिंतीला पालीसारखं चिकटलं होतं. ते खोकलं. रोज सकाळी शाळेच्या जिन्यात ऐकू येणारा तो खोकला बाईंनी लगेच ओळखला.

"मॅडम?"

मुख्याध्यापिकांनी मान वळवली. दांडा मात्र सोडला नाही.

बाईंनी डोळे मिटून घेतले. "मला पोहता येत नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले."

"दिसतंय ते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मला येत नाही, म्हणून तर प्रत्येक नव्या शिक्षकाला विचारत असते."

"मग शनिवारी?"

मुख्याध्यापिकांनी हनुवटीनेच शिकवणारीकडे दाखवलं. "हिला नेऊ. आपण दोघी काठावर टॉवेल सांभाळू. पण पुन्हा असं खोटं नको. पोरांच्या जिवाशी खेळ आहे."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या. इतकं हलकं वाटलं की त्यांना हसूच फुटलं, आणि हसता हसता पाय कधी तळाला टेकले ते कळलंही नाही.

"दांडा सोडायचा कसा हो?" मुख्याध्यापिकांनी हळूच विचारलं. "मघाशी तुम्ही सोडलात. मी पाहिलं."

'सोपं आहे' हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले. त्यांनी ते गिळले, बरोबर थोडं पाणीही गिळलं.

"अवघड आहे," त्या म्हणाल्या, आणि दांड्यावरचा हात काढून त्यांच्यापुढे धरला.