डावी बाजू

चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय हवं असेल? कोणीही म्हणेल, झोप. पण ड्रायव्हरसाहेबांना (डेपोत त्यांना सगळे हेच म्हणत) पुन्हा त्याच रस्त्यांवरून जायचं होतं. त्याला कारण होतं. वाटेत ठिकठिकाणी पाट्या लागायच्या, ‘अभयारण्य, डावीकडे सहा किलोमीटर’, ‘राखीव वन, डावीकडे’. मागे पन्नास माणसं बसलेली असायची, वेळापत्रक समोर चिकटवलेलं असायचं. बस कधीही डावीकडे वळली नाही.

“एकदा तरी वळायचंय मला, सिस्टर,” ते म्हणायचे.

बायकोलाही ते सिस्टरच म्हणत. सुरुवातीला चिडवायला, मग सवयीने. ती सरकारी हॉस्पिटलात पुरुष वॉर्डाची मुख्य परिचारिका होती. हे ड्यूटीवरून आले की ती ड्यूटीवर निघालेली. अर्धा संसार त्यांनी ओट्यावर ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर केला. ‘दूध तापवलंय. पोरीला ताप आहे, औषध दिलंय.’ पोर त्या चिठ्ठ्यांवरच वाढली, शिकली, लग्न होऊन चार दिवसांच्या प्रवासावर जाऊन राहिली.

निवृत्तीनंतर दोघांनी एक जुनी गाडी घेतली. ड्रायव्हरसाहेबांनी ती स्वतः उघडून, पुसून, नव्यासारखी केली. निघायचं ठरत होतं, तेवढ्यात सिस्टरच्या एक गोष्ट लक्षात आली. साहेब ताटातलं अर्धंच जेवत होते. डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची. तिने मुकाट्याने ताट फिरवून ठेवलं, तर ते म्हणाले, “अरे, अजून वाढलंस होय?”

वॉर्डात असले रुग्ण तिने पाहिले होते.

चार दिवसांनी कपाटाच्या खणात, कागदाच्या अस्तराखाली, तिला डोळ्यांच्या तपासणीचा एक कागद सापडला. दात दाखवून येतो म्हणून ते एकटेच कुठे जाऊन आले होते ते तिला तेव्हा कळलं. कागदावर दोन गोल होते. दोन्हींचा उजवा भाग पांढरा, डावा भाग काळा. डोळे ठणठणीत होते. मेंदूतली एक बारीक वाहिनी बंद पडली होती आणि डावीकडचं अर्धं जग पुसलं गेलं होतं. तळाशी डॉक्टरांनी लिहून शब्दांखाली रेघही मारली होती : वाहन चालवू नये.

“हे मला कधी दाखवणार होतात?”

“दाखवून काय होणार? उद्यापासून तू मला खुर्चीत बसवणार.”

“अहो, अर्धं दिसत नाही तुम्हाला!”

“मान वळवली की दिसतं. चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही उठला माझ्या गाडीवर. मान वळवायला काय जातं?”

त्याच आठवड्यात पुतण्याचा फोन आला. साहेबांच्या थोरल्या भावाने अंथरूण धरलं होतं. “काका, भेटायचं तर आत्ताच या.” दोघे भाऊ अकरा वर्षं भेटले नव्हते. दादाचं घर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, लेकीच्याही पुढे चार दिवस.

गाडीने नको, आगगाडीने जाऊ, असं सिस्टरने म्हणायला हवं होतं. पुढे तिने हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलं की ते खरंच म्हटलं होतं असं तिला कधी कधी वाटायचं. पण त्या दिवशी ती म्हणाली, “मी डावीकडेच बसते ना? मी बघीन. मी सांगेन तसं चालवायचं.” तिलाही जायचं होतं. आयुष्यभर पाळ्या केल्या, शेजारी बसून कुठे गेली नव्हती. आणि नवऱ्याला खुर्चीत बसवणारी आपण व्हायचं नाही, एवढाच स्वार्थ. तो पुरेसा ठरला.

निघाले. सिस्टर डोळ्यांत तेल घालून बसायची. “सायकल... गेली. बाई आहे कडेला, हातात पोर. वळणावर खांब.” ते ऐकायचे आणि त्याप्रमाणे स्टिअरिंग धरायचे. दुसऱ्या दिवशी पहिली पाटी लागली आणि साहेबांनी इंडिकेटर दाखवून, अगदी सावकाश, गाडी डावीकडे वळवली.

आत मोठं तळं होतं. काठावर बाक होता. त्यांनी उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. पाण्यावर शेकडो पक्षी उतरले होते. साहेब मान वळवून वळवून बघत होते. “इतकी वर्षं हॉर्न वाजवून उडवले बिचाऱ्यांना,” ते म्हणाले, “आता माफी मागायला आलोय म्हणून सांग.” सिस्टर इतकी हसली की पलीकडच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. त्या एका दुपारसाठी तिने नंतर स्वतःला कधी दोष दिला नाही. बाकी सगळ्यासाठी दिला.

लेकीकडे तीन दिवस राहिले. लेक शाळेत मुख्याध्यापिका, नजर तशीच. पहिल्याच दिवशी साहेबांचा डावा हात लागून चहाचा कप खाली गेला. दुसऱ्या दिवशी ते दाराच्या चौकटीला धडकले. तिसऱ्या दिवशी लेकीने आईला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटून घेतलं.

“आई, बाबांना काय झालंय?”

“काही नाही गं. चष्म्याचा नंबर बदललाय. काकांना भेटून आलो की नवा करू.”

“मग गाडी इथे ठेवा. मी तुम्हाला आगगाडीत बसवून देते.”

“त्यांचं मन मोडेल.”

“आई, माझ्याकडे बघ. खरं सांगतेयस ना?”

“हो गं बाई, खरं.”

लेकीने तिच्याकडे पाहिलं, आणखी काही विचारलं नाही. आईने आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं.

लेकीचं गाव सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी राखीव जंगलाचा पट्टा लागला. रस्ता सरळ नाकासमोर, दोन्हीकडे उंच झाडं, गाडीघोडं काही नाही. दुपारचे दोन वाजत आले होते. “माझी गोळी राहिली,” साहेब म्हणाले. रक्तदाबाची गोळी. सिस्टर वाकली, पायापाशी ठेवलेल्या पिशवीत तिने हात घातला. पाण्याची बाटली वर, गोळ्यांची डबी तळाशी. तीन सेकंद. फार तर चार.

आवाज झाला. मोठा नव्हता. गाडी किंचित हलली आणि पुढे गेली.

“फांदी असेल,” साहेब म्हणाले.

सिस्टरने बाजूच्या आरशात पाहिलं. मागे रस्त्याकडेला सायकल आडवी पडली होती. तिचं वरचं चाक फिरत होतं.

“थांबा.”

“अगं, फांदी...”

“अहो, थांबा!”

ती धावत मागे गेली. पासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखरे, पण धावली. खाकी कपड्यातला माणूस उताणा पडला होता. वनरक्षक. चाळिशीचा असेल. गस्तीची काठी लांब उडाली होती. शुद्ध होती. पाय मांडीत मोडला होता, रक्त वाहत होतं. पण तिने पोटावर हात ठेवला आणि पोट फळीसारखं घट्ट लागलं. त्या हाताने असली पोटं आधीही तपासली होती. आत रक्तस्राव चाललाय ते तिला कळलं.

“सायकल सरकारी आहे,” तो म्हणाला.

“सायकलला काही नाही झालं. बोलू नका.”

फोन काढला. रेंज नव्हती. सर्वांत जवळचं हॉस्पिटल कुठे, असं विचारलं तेव्हा त्याने बोट पुढे केलं. बावीस किलोमीटर. दोघांनी मिळून त्याला मागच्या सीटवर घेतलं. पदर फाडून तिने त्याची मांडी आवळली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती मागे बसली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की गाडी चालवायला त्या तिघांत एकच माणूस होता.

साहेब स्टिअरिंगपाशी बसले.

“सिस्टर, पुढे ये.”

“मी याला सोडू शकत नाही. चालवा.”

“मला दिसत नाही!” पहिल्यांदाच ते असं म्हणाले. “डावीकडे काहीच नाहीये गं!”

“मग मधोमध चालवा. हॉर्न वाजवत राहा. चला!”

त्या बावीस किलोमीटरांत तिने बाहेर एकदाही पाहिलं नाही. दोन्ही हातांनी त्याची मांडी दाबून धरली होती. पुढून हॉर्न, आणि हॉर्नच्या मधे मधे त्यांचा आवाज, “डावीकडे कोण आहे? सिस्टर, डावीकडे कोणी आहे का?” ती काही सांगू शकत नव्हती. मांडीवरचा माणूस आधी कण्हत होता, मग ओरडायला लागला, मग बायकोला हाका मारायला लागला. शेवटच्या दोन किलोमीटरांत तो गप्प झाला, त्याची तिला जास्त भीती वाटली.

हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत नाडी होती. साडेचारला डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिने मान खाली घातली. असं बाहेर येणं तिने पस्तीस वर्षं आतल्या बाजूने पाहिलं होतं.

व्हरांड्यात बाकावर साहेब तिच्या कानाशी आले. “तो एकदम मधे आला असं सांगू. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. मेलेला माणूस काही बोलत नाही.”

चौतीस वर्षं एका ओरखड्यावाचून गाडी चालवलेला माणूस असं बोलत होता. तिला त्यांचा राग आला नाही. घाबरलेली माणसं काय काय बोलतात हे तिला माहीत होतं. “हं,” एवढंच ती म्हणाली.

फौजदार साधा माणूस होता. पाणी देऊन, बसवून, त्याने विचारलं, “बाई, काय झालं?”

तिच्या पोलक्यावर रक्त वाळलं होतं. ती म्हणाली, “त्यांना डाव्या बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून लिहून दिलंय. घरी खणात कागद आहे. मला माहीत होतं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो. मीच म्हटलं, मी बघीन.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मान पूर्ण वळवून पाहिलं, कारण ती त्यांच्या डावीकडे बसली होती. मग मान परत समोर गेली, ती पुढे कित्येक महिने तिच्याकडे वळली नाही.

लेक आली. जामीन, वकील, सगळं तिने केलं. आईशी ती एकच वाक्य बोलली, “मी तुला विचारलं होतं.” परगावी जायला कोर्टाची बंदी होती. पंधराव्या दिवशी दादा गेले. पुतण्याने फोनवर सांगितलं की शेवटी दादा दाराकडे बघत होते. त्याने हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

साहेबांना दीड वर्षाची शिक्षा झाली. सिस्टरवर कुठलंच कलम लागलं नाही. “तुम्ही सुटलात,” वकील म्हणाला. तिथेच जवळ खोली घेऊन ती दर पंधरा दिवसांनी तुरुंगात भेटायला जायची. साहेब जाळीपलीकडे येऊन बसायचे, औषधाचं विचारलं तर “घेतो” म्हणायचे, वेळ संपला की उठायचे.

त्या हिवाळ्यात ती बस बदलत बदलत वनरक्षकाच्या घरी गेली. जंगलाच्या नाक्यालगत वनखात्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेर दोरीवर शाळेचे कपडे वाळत होते. त्याच्या बायकोने दार उघडलं. सिस्टरने आपण कोण ते सांगितलं. बाईने दार लावलं नाही, आत या असंही म्हटलं नाही. दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

“तुम्ही त्यांच्याजवळ होतात ना?” बाईने विचारलं.

“होते.”

“फार त्रास झाला का त्यांना?”

वॉर्डात हा प्रश्न सिस्टरला हजारदा विचारला गेला होता आणि दर वेळी तिने एकच उत्तर दिलं होतं. नाही हो, झोपेतच गेले. आताही ते ओठांवर आलं.

“हो,” ती म्हणाली. “झाला. तुम्हाला हाका मारत होते.”

बाई चौकटीला धरून खाली बसली. मग म्हणाली, “सगळे म्हणतात काही कळलंच नाही त्यांना. मी विचारायचे, मग गाडीत तासभर जिवंत होते, तेव्हा काय करत होते ते?” आणि थोड्या वेळाने, “जा तुम्ही आता.”

सिस्टर गेली.

वर्तणूक चांगली म्हणून साहेब चौदा महिन्यांत सुटले. घरी आले ते हडकून. खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे. सिस्टर ताट वाढायची, अर्धं झालं की फिरवायची. असे दोन महिने गेले. एका सकाळी तिने आपण होऊन त्यांना सांगितलं की ती त्या घरी गेली होती.

त्यांनी विचारलं, “मुलं किती?”

“दोन. दोन्ही मुली. कपड्यांवरून वाटलं.”

“मला नेशील?”

“विचारावं लागेल त्यांना.”

“मग विचार.”

तिने पत्र लिहिलं. चार ओळींचं, पाचदा लिहून फाडलेलं. साहेबांनी खाली सही केली. कागदाच्या उजव्या कडेला, अक्षर वाकडं. ती पोस्टात टाकून आली.

महिना झाला, दुसरा झाला. पोस्टमन गल्लीत शिरला की साहेब खुर्चीतून उठून दारापर्यंत जायचे. उत्तर आलं नाही. तिसऱ्या महिन्यात सिस्टरने विचारलं, “आणखी एक लिहू का?”

“नको,” ते म्हणाले. “त्यांना वाचायला लावायचा आपल्याला काय अधिकार?”

ते मान वळवून तिच्याशी बोलत होते.