काडाखालची भिंत

कँतीनने गाडीतून काडाची पहिली पेंढी खाली टाकली, आणि किल्ल्याच्या पहारेकऱ्याने ती उचलून पुन्हा गाडीत ठेवली.

"यंदा नको म्हणे," तो म्हणाला.

कोणी नको म्हटले ते त्याला ठाऊक नव्हते. कँतीनने मान वर करून पाहिले. नव्या बुरुजाची अर्धवट भिंत उघडीबोडकी उभी होती. नोव्हेंबर लागला होता आणि सकाळी डबक्यांवर पातळ बर्फ धरू लागले होते.

इंग्रजांच्या राजाने तूर्ने शहर जिंकून हा किल्ला बांधायला काढला, तेव्हापासून दर हिवाळ्याच्या तोंडावर कँतीनची गाडी इथे रिकामी होई. अपुऱ्या भिंतीच्या माथ्यावर काड आणि शेणाचा जाड थर घातला नाही तर चुन्यात मुरलेले पाणी गोठते आणि वसंतात दगड सुटे होतात, हे तूर्नेतल्या शेंबड्या पोरालाही कळे. पुढच्या वर्षी ज्याला भिंत वाढवायची असते तो काड मागतो. ज्याला नसते तो मागत नाही.

म्हणजे बाजारात चालले होते ते खरे होते. राजाची मुलगी अडीच वर्षांची, फ्रान्सच्या राजाचा मुलगा अजून रांगणारा. त्या दोघांची सोयरीक ठरली होती आणि त्या सौद्यात तूर्ने फ्रान्सला परत जाणार होते. एवढ्या तोफा ओढत आणून गाव घेतले आणि पाळण्यातल्या पोरांच्या साखरपुड्यात देऊन टाकले, असे म्हणत पाववाली पोट धरून हसली होती. राजा मोठा धोरणी, आता सगळे त्याच्या दारात येतील, असेही काही शहाणे सांगत होते. कँतीनला त्या धोरणाशी काही देणेघेणे नव्हते. तिच्या लेकीला, मारोयला, सातवा महिना लागला होता आणि जावई इंग्रजांचा गवंडी होता.

हॅमंडवर तिचा विश्वास पहिल्यापासूनच नव्हता. फौजेच्या मागून आलेला माणूस फौजेच्या मागून जायचा, हे तिने लग्नाच्या दिवशीच मनाशी म्हटले होते. तो व्यसनी नव्हता, हात उगारणारा नव्हता, आणि त्यामुळे तर तिला त्याचा जास्तच संशय येई.

त्या संध्याकाळी सूप वाढताना तिने खडा टाकून पाहिला.

"काय जावईबापू, तुमच्या राजाला यंदा काड नकोसं झालं?"

"वरून काही सांगितलं नाही, आई," हॅमंड म्हणाला. त्याने वाडग्यातून डोळे वर केले नाहीत.

मारोयने आईकडे रागाने पाहिले. त्याला सुखाने जेवू दे, असे ते पाहणे होते.

दुसऱ्या दिवशी कँतीन गोठ्यामागे गेली तर तो पाठमोरा बसून छिन्न्यांना चरबी चोळत होता. एकेक छिन्नी तो गोणपाटात गुंडाळी आणि दोरीने आवळी. उद्या कामावर जाणारा माणूस हत्यारे अशी बांधत नाही. तिने अंगणात नजर टाकली. बाळ येणार म्हणून उन्हाळ्यात त्याने मोठ्या हौसेने एक खोली बांधायला काढली होती. भिंत कमरेइतकी येऊन थांबली होती, आणि तिच्याही माथ्यावर काडाची काडी नव्हती.

हा मारोयला टाकून पळणार, अशी कँतीनची खात्री झाली. रात्रभर तिने कूस बदलली आणि सकाळी उठून थेट किल्ल्याच्या बांधकामावरच्या कारकुनाकडे गेली. पिकरिंग नावाचा तो इंग्रज तिची भाषा बरी बोले. ती त्याला म्हणाली की आपला जावई गुपचूप पळायच्या बेतात आहे, हत्यारे बांधून बसला आहे, त्याच्यावर नजर ठेवा. बायकोला सोबत घेतल्याशिवाय त्याला वेशीबाहेर पाऊल टाकू देऊ नका.

बायकोला सोबत नेण्याचे बोलणे पिकरिंगने ऐकल्यासारखेच केले नाही.

"आमच्या कॅले बंदराच्या तटाला एकूण एक गवंडी हवाय आम्हाला," तो म्हणाला. "बरं केलंत बाई, वेळेवर सांगितलंत."

तो इतका गोड बोलला की रस्ताभर तिच्या मनात काहीतरी सलत राहिले.

घरी आली तो अंगणात हॅमंड. किल्ल्यावरून परत आलेले काड त्याने गाडीतून उतरवले होते आणि खोलीच्या भिंतीवर तो हाताने ते दाबून बसवत होता. शेजारी शेणाची पाटी होती.

"गाडी परत आली ते बरंच झालं," तो म्हणाला. "मी तुमच्याकडे मागणारच होतो."

मग तो हळू आवाजात बोलू लागला. गवंड्यांच्या सगळ्या टोळीला कॅलेला नेणार होते. तो जाणार नव्हता. नदीकाठच्या आंत्वां गावी चुनाभट्टीवर एक ओळखीचा होता. शनिवारी चुन्याची होडी रिकामी परत जाईल, तिच्यातून हत्यारे आणि तो दोघेही जातील, आणि इंग्रज शहर सोडीपर्यंत तो तिथेच लपून राहील. पिकरिंगची माणसे ससाण्याच्या नजरेची, म्हणून मारोयलाही त्याने काही सांगितले नव्हते. तिच्या तोंडावर सगळे दिसते.

"मग मला का सांगताय?"

"तुम्ही कुणापाशी बोलत नाही, म्हणून."

तिने गाडीची दांडी धरली.

"शनिवारची वाट बघू नका," ती म्हणाली. "आत्ता निघा. मळ्याच्या वाटेनं जा."

"का?"

तेवढ्यात फाटकाशी कुत्रे भुंकले. भर दुपारी, अगदी सभ्यपणे, दोन शिपाई फाटक उघडून आत आले, आणि त्यांच्यामागे पिकरिंग. हॅमंडने त्यांच्याकडे पाहिले, मग कँतीनकडे. ती खाली बघत होती.

त्याने हात झटकले.

"कडेला जाड थर घाला, आई," तो म्हणाला. "पाणी कडेनं शिरतं."

फेब्रुवारीत इंग्रज गेले आणि वेशीवर फ्रान्सचे निशाण चढले. कॅलेहून काही निरोप आला नाही. मार्चमध्ये ऊन पडले तेव्हा कँतीनने भिंतीवरचे काड उचलले. मारोय बाळाला खांद्यावर घेऊन शेजारी उभी होती. एकही दगड हलला नव्हता, चुना जिथल्या तिथे घट्ट होता.

"इंग्रजांना कोणी सांगितलं असेल गं, आई?" मारोयने विचारले.

थंडी केव्हाच सरली होती. तरी कँतीनने काड पुन्हा भिंतीवर ओढले आणि कडा हाताने दाबत राहिली.