उतारावरची राय

वेंडल गेला तो ऑक्टोबरात, पाइपसाठी खणलेल्या चरात. चराच्या भिंतींना आधाराच्या लोखंडी प्लेटा लावायच्या राहून गेल्या होत्या. एक बाजू ढासळली आणि आत उतरलेला वेंडल मातीखाली गेला. चौकशी झाली, काम थांबलं, चर बुजवून टाकला. ओहायोतल्या त्या टेकडीवर शंभरेक घरं व्हायची होती. त्यांतलं एकही उभं राहिलं नाही आणि सगळा उतार खरचटलेल्या गुडघ्यासारखा उघडा पडून राहिला. पाऊस आला की तिथली माती खालच्या ओढ्यात जायची. ओढ्याकाठच्या लोकांनी तक्रारी केल्या. तपासनीस येऊन गेला आणि हिवाळ्याआधी उतारावर काहीतरी पेरून माती धरून ठेवा, असं बजावून गेला.

बांधकामाच्या उघड्या जमिनीवर पेरणी करून द्यायचा धंदा त्या भागात आर्लीन कोबचा होता. वेंडल तिचा धाकटा भाऊ.

बांधकामावरच्या मुकादमाचा, ग्रेडीचा फोन आला तेव्हा तो बराच वेळ हवेबद्दलच बोलत राहिला. मग म्हणाला, लांबून कुणाला तरी बोलावतो, तू नको येऊस. आर्लीन सिंकपाशी बटाटे सोलत होती.

"इतक्या उशिरा कोण येणारेय तुझ्याकडे?" ती म्हणाली. "मी येते सोमवारी."

फोन ठेवून तिनं उरलेले बटाटे सोलले. पातेलं भरलं. एवढे कुणासाठी सोलले ते तिला सांगता आलं नसतं.

यंत्रांच्या चाकांखाली दबून उतार विटेसारखा कडक झाला होता. ट्रॅक्टरमागे दाताळं लावून तिनं उताराला आडवे ओरखडे पाडायला घेतले, म्हणजे पाणी सरळ खाली न धावता अडेल. बुजवलेला चर थोडा खचला होता. ट्रॅक्टर तिथून गेला तेव्हा पुढची चाकं जराशी बसली आणि वर आली. बाजूला उभ्या ग्रेडीनं डोक्यावरची टोपी काढली. आता काहीतरी वाटेल म्हणून तिनं वाट पाहिली. बोटं गारठलीत एवढंच वाटलं. तिनं ट्रॅक्टर वळवून पुढचा पट्टा धरला.

बी रायचं होतं, म्हणजे गव्हासारख्या एका धान्याचं. क्लोव्हरचा चारा पेरायची वेळ टळली होती आणि ओट पहिल्या कडक थंडीत मेला असता. राय चिवट, जेमतेम ऊब मिळाली तरी रुजते आणि बर्फाखालीही मुळांनी माती धरून ठेवते. पेरणी झाली, वर गव्हाचा पेंढा पसरला. घरी येऊन ती बूट न काढताच खुर्चीत झोपली. पुढचे दिवसही तसेच गेले. दुखवट्याचं म्हणून लोक जेवणानं भरलेली भांडी ठेवून जायचे. ती त्यांचे आभार मानायची आणि भांडी धुऊन परत करायची.

डिसेंबरात मार्नी आली. मार्नी म्हणजे वेंडलची बायको. ती अजून जागेवर गेली नव्हती. आज मला ने, म्हणाली. दोघी ट्रकमधून गेल्या. उतारभर बोटभर हिरवं उगवलं होतं.

"कुठे?" मार्नीनं विचारलं.

चराच्या जागी काहीच उगवलं नव्हतं. खोलातली पिवळी चिकणमाती वर आली होती, पावसानं तिथे घळ पडली होती आणि पेंढा वाहून गेला होता. आर्लीननं हात वर केला आणि भलतीकडेच, दाट हिरव्या तुकड्याकडे बोट केलं.

मार्नी तिथे जाऊन खाली बसली. हातमोजा काढून रायवरून हात फिरवत राहिली. "छान आलीय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आर्लीन एकटी गेली. बादलीतून कंपोस्ट आणून तिनं घळ भरली, हातानं बी टाकलं आणि पेंढा उडू नये म्हणून वर जाळी ठोकली. उगवायची वेळ खरं तर निघून गेली होती.

एप्रिलमध्ये मार्नीनं पुन्हा ने म्हटलं. राय कमरेएवढी झाली होती आणि ओढा पुष्कळ निवळला होता. ट्रकमधून उतरल्यावर आर्लीन जागची हलली नाही.

"मार्नी, त्या दिवशी मी दाखवली ती जागा नव्हती."

"माहितेय," मार्नी म्हणाली. "बोट एकीकडे आणि बघत होतीस दुसरीकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"तिथे बसायला बरं वाटलं. उघडीबोडकी जागा बघायची ताकद नव्हती गं तेव्हा."

आर्लीन पुढे झाली आणि तिला खऱ्या जागेपाशी घेऊन गेली. तिथली राय विरळ होती, घोट्याच्या थोडी वर. जाळीतून पाती निघाली होती. दोघी बघत राहिल्या. रडू कुणालाच आलं नाही. मार्नीनं विचारलं, हे कापणार कधी? काम पुन्हा सुरू झालं की, आर्लीन म्हणाली, बहुतेक मे महिन्यात, आणि तेही मलाच करायचंय.

"त्या दिवशी मला बोलाव," मार्नी म्हणाली.

मग वारा सुटला म्हणून दोघी ट्रकमध्ये जाऊन बसल्या. मार्नीनं आणलेली सँडविचं त्यांनी खाल्ली.