अंबरीशनं निवडलेला सिनेमा

लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळानं रविवारी दुपारी हॉलमध्ये जुना जपानी सिनेमा लावला होता. बापाच्या अपमानाचा सूड घ्यायला एक सामुराई एकोणीस वर्षं शत्रूच्या दाराशी घोटाळतो, अशी गोष्ट. निवडला होता डॉक्टर अंबरीशनं. मानापमानावरचा सिनेमा, तोही यानं निवडायचा? जनाची नाही, निदान मनाची तरी.

बावीस वर्षांपूर्वी अंबरीशनं वॉर्डात चुकीचा डोस लिहिला आणि पेशंट दगावला. चौकशीत ठपका आला त्याच वॉर्डात काम करणाऱ्या माझ्या नवऱ्यावर, विनयवर. अंबरीश हॉस्पिटलात मोठा कन्सल्टंट झाला, विनय साधा जीपी, फॅमिली डॉक्टर. आमच्या आर्याला आम्ही सांगत आलो, बाबाला पहिल्यापासून जीपीच व्हायचं होतं. मला अंबरीशच्या तोंडून खरं काय ते एकदा चारचौघांत ऐकायचं होतं, बस.

पडद्यावरचा सामुराई काही तलवार उपसेना. मी खुर्चीत सारखी चुळबुळत होते. शेजारी विनय शांतपणे चिवडा खात होता, त्याचाही मला राग येत होता.

सिनेमा संपला, दिवे लागले. आर्या गेल्याच महिन्यात डॉक्टर झाली होती. मंडळात दिसेल त्या मोठ्या माणसाला वाकून नमस्कार करायचा, ही सवय आम्हीच लावलेली. ती अंबरीशसमोर वाकली.

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाबासारखी डॉक्टर हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबासारखी म्हणजे कशी, डॉक्टर?" मी मोठ्यानं विचारलं. "सांगा ना, सगळे ऐकतायत."

विनयनं माझा दंड धरला. "सुप्रभा, लीव्ह इट. प्लीज."

मी हात झटकला.

"तो डोस मी लिहिला होता," अंबरीश आर्याला म्हणाला. "तुझ्या बाबानं नाही. इन्क्वायरीत मी खोटं बोललो."

मिळालं एकदाचं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. लोक विनयकडे वळून बघायला लागले.

आर्यानं आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि तिच्या इथल्या मोडक्या मराठीत विचारलं,

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होता?"

विनयनं होकारार्थी मान हलवली.

"मग त्या पेशंटच्या फॅमिलीला कोणी सांगितला?"

अंबरीश खाली बघत राहिला. विनयही. मी बोलायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की बावीस वर्षांत मी त्या पेशंटचं साधं नावही कधी विचारलं नव्हतं.