सॅन मरिनोची जोड

तीर्थपुरीच्या पंचक्रोशीत कुस्त्यांची दंगल असली आणि भोंग्यातून भुजंगरावांचा आवाज आला नाही, तर अर्धं गाव घरातून निघतच नाही. पैलवान आखाड्यात उतरण्याआधी भुजंगराव त्याला लोकांच्या मनात उतरवतात. कोणत्या गावचा, कोणाचा लेक, कोणत्या वस्तादाचा पठ्ठ्या, कुठल्या जत्रेत कोणाला चितपट केलं, सगळं तोंडपाठ. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण माइक हातात आला की गडी तरणाबांड होतो. स्वतः मात्र आयुष्यात एकही नाव घेण्यासारखी कुस्ती जिंकलेले नाहीत, आणि हे तेच माइकवरून सांगून लोकांना हसवतात.

अशा माणसाला फुटबॉलचं वेड लागावं, तेही हरण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या एका चिमुकल्या देशाच्या संघाचं, याला त्यांची पुतणी दैवशाला जबाबदार. ती गावातल्या शाळेत खेळ शिकवते. मुलींचा फुटबॉल संघ तिनं हट्टानं उभा केला आणि तो संघ तितक्याच हट्टानं हरत राहिला. एकदा संध्याकाळी काकांच्या ओट्यावर चहा घेता घेता ती वैतागून म्हणाली, "काका, माझ्या पोरींचं पार सॅन मरिनो झालंय."

"हे कोण आणखी?"

"देश हाय एक. इटलीच्या पोटात. सगळा देश मिळून आपल्या अंबड शहराएवढी माणसं."

तिनं मोबाइलवर आकडे उघडून वाचून दाखवले. वीस वर्षं, एकशे चाळीस सामने, आणि विजय एकही नाही. घरच्या मैदानावर जर्मनीकडून तेरा-शून्य. इंग्लंडविरुद्ध एकदा शिट्टी वाजून नऊ सेकंद व्हायच्या आत गोल केला, सगळं जग अवाक झालं, आणि मग इंग्लंडनं सात गोल घातले. संघातले कितीतरी जण दिवसा नोकऱ्या करणारे, संध्याकाळी सरावाला येणारे.

भुजंगरावांनी कप खाली ठेवला. "तेरा गोल खाल्ल्यावर पुढची कुस्ती कवा झाली?"

"पुढल्याच महिन्यात."

"आन् आले?"

"आले ना. सात खाल्ले."

आयुष्यभर भुजंगरावांनी पैलवान पाहिले होते. एका जत्रेत पाठ मातीला लागून हार झाली की पुढच्या दोन जत्रांना ताप येणारे पाहिले होते, आणि आपल्या वजनाचा गडी सोडून लहान पोरं शोधत हिंडणारे तर पैशाला पासरी. आणि इथं एक मूठभर देश जर्मनीच्या समोर उभा राहतो, आपटला जातो, अंग झटकतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दंड थोपटतो. त्यांचा ऊर भरून आला. "दैवशाला, हे हरणारे न्हाईत गं," ते म्हणाले, "हे येणारे हाईत."

झालं! तेव्हापासून सॅन मरिनो त्यांच्या जिभेवर बसलं. सलूनमध्ये सॅन मरिनो, पानाच्या टपरीवर सॅन मरिनो. शेवटी वीस वर्षांनी, दोन हजार चोवीसच्या सप्टेंबरात, सॅन मरिनोनं लिश्टेनश्टाइनला एक-शून्यनं कसं हरवलं, आणि नोव्हेंबरात त्यांच्याच घरी जाऊन तीन-एकनं कसं लोळवलं, हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, लिश्टेनश्टाइन म्हणजे परतूरच्या अलीकडचं एखादं गाव. शाळेच्या मैदानावर जाऊन त्यांनी पोरींनाही हे सगळं दंगलीच्या आवाजात ऐकवलं. पोरी हसून हसून लोळायच्या. गोलकीपर जान्हवी, संघाची कॅप्टन, तेवढी हसायची नाही. ती विचारायची, "मंग आबा, पुढची जोड कुणासंगं?"

इकडे शाळेचे सचिव रामराव यांचा धीर संपला. जत्रा कमिटीचे अध्यक्षही तेच. माणूस वाईट नव्हता, पण हरलेल्या संघाचा खर्च त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. त्यांनी दैवशालाला बोलावून सांगितलं, "बाई, एक सामना गावासमोर होऊ द्या. लोकांसमोर इज्जत राखली तर संघ राहील. न्हाई तर पोरींचा फुटबॉल बंद, मैदान क्रिकेटच्या पोरांना."

सामना ठरला. माइक अर्थातच भुजंगरावांकडे आला. रविवारी दुपारी मैदानाभोवती ही गर्दी! कापसाची वेचणी सोडून बायाही आल्या होत्या. हलगीवाल्याला भुजंगरावांनी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी एकेका पोरीला नावानं मैदानात उतरवलं. "ही जान्हवी! बाप ट्रॅक्टर चालवतो, आई अंगणवाडीत, आन् हिच्या हातातून बॉल सुटला तर समजा घोरपडीनं भिंत सोडली!" लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. रामरावसुद्धा खुर्चीत हलले.

मग समोरचा संघ उतरला, तो भुजंगराव पहिल्यांदाच बघत होते. जालन्याची मोठी शाळा. पोरी उंच, पायात खिळ्यांचे बूट, सोबत दोन दोन प्रशिक्षक. आपल्या पोरींच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट. ही जोड कोणत्या शहाण्यानं लावली, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं.

व्हायचं तेच झालं. अर्ध्या वेळेपर्यंत पाच गोल. जान्हवी उजवीकडे झेपावली की बॉल डावीकडून आत. मध्यंतरानंतर आणखी तीन. हलगी मंदावली, काही लोक उठून कपडे झटकू लागले, रामराव घड्याळ पाहू लागले. जान्हवीचं कोपर सोलवटलं होतं आणि ती ते पाठीमागं लपवून उभी होती. भुजंगरावांना ते बघवेना.

दंगलीत अशा वेळची एक रीत आहे. जोड बराबर नाही, एक गडी उगाच रगडला जातोय, असं दिसलं की निवेदक आणि पंच आत जाऊन कुस्ती सोडवतात. त्यात लहान गड्याची बेइज्जती नसते. दोष जोड लावणाऱ्याचा. भुजंगरावांनी आयुष्यात कितीतरी पोरांच्या माना अशा वाचवल्या होत्या. ते माइक घेऊन उठले, वायर ओढत थेट मैदानात शिरले, आणि पंच शिट्टी तोंडात घालेपर्यंत त्यांनी बॉल उचलून काखेत मारला.

"मंडळी, जोड बराबर न्हाई! कुस्ती सोडवून राह्यलो!"

पंचांनी आयुष्यात असला फाऊल पाहिला नव्हता. जालन्याचे प्रशिक्षक धावत आले. "अहो, बॉल द्या! असा मध्येच सामना थांबवला तर तुमच्या संघानं माघार घेतली, असंच धरावं लागेल."

"धरा की," खुर्चीवरून रामराव म्हणाले. "बरं झालं, सुटले एकदाचे."

दैवशालाचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, इतक्यात जान्हवी गोल सोडून चालत आली. पोरगी रागानं लाल झाली होती.

"आबा, बॉल द्या."

"बाळा, माझं ऐक. यात तुमचा दोष न्हाई. ज्यानं ही जोड लावली..."

"आम्हीच मागितली ही जोड." माइक अजून चालू होता, त्यामुळं तिचा आवाज मैदानभर गेला. "मॅडमनी दोन शाळा सांगितल्या व्हत्या. एक लहान, एक ही. आम्ही सगळ्यांनी मिळून ही मागितली. लहानीला हरवून गावाला काय दाखवणार व्हतो? तुम्हीच सांगितलं ना, सॅन मरिनो जर्मनीसमोर उभं राहतंय. मंग आम्हाला का उठवून राह्यलात?"

भुजंगरावांनी माइक खाली घेतला. एवढ्या वर्षांत अनेकांनी त्यांना टोमणे मारले होते, पण असं कुणी वर्मावर बोट ठेवलं नव्हतं. दूरदेशीच्या पोरांची हिंमत त्यांनी गावभर गाऊन दाखवली, आणि तीच हिंमत समोर कोपर सोलून उभी राहिली तेव्हा त्यांना फक्त कीव सुचली. आणि रीत तर त्यांना पाठ होती. स्वतः होऊन मागितलेली कुस्ती वस्तादालाही सोडवता येत नाही.

त्यांनी बॉल दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला. मग माइक तोंडाशी धरला. "मंडळी, चूक माझी झाली. ही मागितलेली जोड हाय. कुणी मधी पडायचं न्हाई. हलगी वाजवा!"

हलगी वाजली. उठलेले लोक परत बसले. एकूण अकरा गोल झाले. तीर्थपुरीचा एकही झाला नाही, आणि खोटं कशाला सांगा, होण्यासारखाही नव्हता. पण जान्हवीनं शेवटच्या काही मिनिटांत तीन बॉल असे अडवले की जालन्याच्या पोरीच टाळ्या वाजवू लागल्या. भुजंगरावांचा आवाज फाटला तरी ते थांबले नाहीत.

शेवटची शिट्टी झाली. रामराव भाषणाला उठले, आणि ते काय बोलणार हे दैवशालाला कळून चुकलं होतं. त्यांच्या आधी जान्हवी जालन्याच्या कॅप्टनसमोर जाऊन उभी राहिली. तिनं हात पुढं केला.

"पुढल्या वर्षी याच दिवशी. इथंच. येता का?"

ती उंच पोरगी हसली. तिनं हात हातात घेतला. "येऊ की. पण तू पाहिजेस गोलमध्ये."

दंगलीच्या मैदानावर, लोकांदेखत, हातावर हात पडून ठरलेली जोड गावाचा शब्द असते. ती मोडली तर त्या गावाच्या जत्रेला पुन्हा कुणी पैलवान येत नाही, हे जत्रा कमिटीच्या अध्यक्षाला सांगावं लागत नाही. बायांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, भुजंगरावांनी तारीख माइकवरून मोठ्यानं पुकारून टाकली. संघ बंद करायचं भाषण गिळून रामराव खाली बसले.

दैवशाला डोळे पुसत होती. भुजंगराव रामरावांच्या शेजारच्या खुर्चीवर धपकन बसले. पोरी पाणी पीत होत्या, त्यांच्याकडं दोघं बघत राहिले.

"भुजंगा," रामराव हळूच म्हणाले, "अकरा गोल पोरींनी खाल्ले ना?"

"बराबर अकरा."

"मंग पाठ माझी कशी काय लागली रे?"