डाव्या चपलेची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे. जोडीतली डावी. चपलेचं काय ऐकायचं, असं म्हणाल, तर कन्हानच्या आमच्या घरातही कुणी माझं ऐकलं नाही. त्यापायी एक भला माणूस मरता मरता वाचला.

माझा जन्म नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारातला. जाड चामडं, दुहेरी शिवण. अंजनाबाईंनी मला नवऱ्यासाठी, म्हणजे धोंडबांसाठी घेतलं. बापाच्या खांद्यावर बसून दीक्षा घेतलेला हा माणूस. दारूला शिवणार नाही ही प्रतिज्ञा त्यांनी खाणीतल्या नोकरीतही मोडली नाही. रोज सकाळी विहार, मग चौक, मग घर. त्यांचं कौतुक झालं की मीही फुगून जायची.

यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या लोकांनी दीक्षाभूमीच्या वाटेवर जेवणाचा मंडप टाकला. भाजीची बादली उचलताना धोंडबांचं डोकं मंडपाच्या लोखंडी पाइपवर आदळलं. "काई नाही झालं, वाढा तुम्ही," म्हणून ते हसले. सगळे विसरले.

थंडी पडली आणि त्यांचा डावा पाय घासू लागला. मी रस्त्याला खरडत जायची; माझं नाक पार झिजलं. त्यांची जीभ जड झाली, नावं आठवेनात. एकदा चौकात तोल जाऊन ते शेजारच्या गिरिधरच्या अंगावर गेले. त्यानं लगेच बोंब ठोकली, "धोंडबा पिऊन राहिला गा आता!"

असा संताप आला मला! दारूच्या दुकानाची पायरी मी कधी पाहिली नाही. पण मुलगा संघपाल बापावरच उखडला.

"बाबा, जन्मभर लोकायले प्रतिज्ञा शिकवली, अन् आता हे?"

"नाही पेलो गा मी," धोंडबा अडखळत म्हणाले.

"मंग जीभ काहून लडखडून राहिली?"

अरे शहाण्या, बापाच्या तोंडाचा वास तरी घ्यायचास! ते नाही. त्यांनी बाहेर पडू नये म्हणून त्यानं आम्हा दोघींना पेटीमागे कोंबलं. दवाखान्यात नेलं तर गावभर होईल म्हणे. अब्रू सांभाळली, बाप कोपऱ्यात वाळत राहिला.

एका दुपारी धोंडबा ताटावरच पेंगू लागले, मग ओकले. सून मेघा कडाडली, "लाज गेली चुलीत! चला दवाखान्यात." तिनं आम्हाला बाहेर काढलं आणि थबकली. "हे पाहा, डावीच झिजली. दारू काय एकाच पायाले चढते?"

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी धोंडबांना डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला लावले. डावा हात हळूहळू खाली आला. "डोक्याला मार लागला होता का?"

"नाही," संघपाल म्हणाला.

"लागला होता न!" अंजनाबाई म्हणाल्या. "मंडपाचा पाइप. पण ते तं कवाची गोष्ट!"

"तेवढा वेळ लागतो, आजी. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानंही फाटतात आणि रक्त हळूहळू साचत जातं."

स्कॅनमध्ये ते दिसलं. कवटीखाली उजवीकडे साचलेल्या जुन्या रक्तानं मेंदू दाबला होता, म्हणून डावा पाय घासत होता. डॉक्टरांनी कवटीला दोन लहान भोकं पाडून जळक्या इंजिन ऑइलसारखं ते काळं रक्त काढलं. उरलेलं वाहून जावं म्हणून नळी ठेवली. मी बाहेर बाकाखाली जीव मुठीत धरून होते.

घरी निघायच्या दिवशी संघपाल खाली बसून त्यांच्या पायात मागून पट्टा असलेले नवे सँडल घालू लागला. धोंडबा स्वच्छ आवाजात म्हणाले, "पोरा, आधी माह्या तोंडाचा वास घेऊन पाह्य." संघपालनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडला.

मित्रांनो, तुमच्या आजोबांचा पाय घासू लागला, जीभ अडखळली, तर "वय झालं" म्हणू नका. डोक्याला कधी लागलं होतं का ते आठवा आणि तडक डॉक्टरकडे न्या. आणि बिनपुराव्याचं कुणाला बेवडा म्हणाल, तर गाठ माझ्याशी आहे!

मेघानं मला फेकलं नाही. दाराबाहेर खिळ्याला टांगलं, झिजलेलं नाक रस्त्याकडे करून. लोकांना वाटतं, दृष्ट लागू नये म्हणून टांगलीय. गिरिधरला मात्र बरोबर ठाऊक आहे. हल्ली तो मागच्या गल्लीनं जातो.