रूपलीबाईच्या छपरावरची तार

सोमवारी सकाळी पावणेदहा वाजता प्रकाशा गावाच्या कडेला बांधलेल्या एका नव्या घरात हिरवा दिवा लागला. माझे एक टोक खांबावरच्या डब्यात होते. दुसरे टोक भिंतीतल्या भोकातून आत येऊन राउटरला जोडले होते. घरातली तिन्ही माणसे त्या दिव्याकडे बघत उभी होती. कोणी साखर वाटली नाही. कोणी एकमेकांकडे पाहिलेही नाही.

मित्रांनो, मी एक जुनी काळी तार आहे, घरात इंटरनेट आणणारी. माझ्यात वीज नसते, त्यामुळे मला हात लावला तर झटका बसत नाही. दिसायला मी बुटाच्या नाडीसारखी चपटी. दोन्ही कडांना पोलादाचे बारीक धागे आणि मधोमध केसाएवढी काच. त्या काचेतून उजेड धावतो आणि उजेडाबरोबर तुमचे बोलणे, तुमचे धडे, तुमचे खेळ. मला ताणले तर मी सोसते. पण धारेवर दाबून वाकवले की माझ्यातला उजेड अडतो. एवढे ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काचेची कांडी भट्टीत तापवून तिचा धागा ओढला, त्यावर काळे आवरण चढवले आणि मला लाकडी चाकावर गुंडाळले. ट्रकने मी शहाद्याला आले. तिथून अजित नावाच्या तरुणाने मला खांद्यावर टाकून पुरुषोत्तमनगरला नेले. अजित घरोघरी नेटच्या तारा ओढतो. ज्या खोलीत त्याने मला नेले, तिथे गिरधरनाना, त्यांची पत्नी छबूबाई आणि मुलगी चेतना राहत होते. नाना तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला होते, खोलीही कारखान्याचीच.

ते दिवस सुखाचे होते. बारावीचा निकाल लागायचा तेव्हा आजूबाजूची मुले नानांच्या ओट्यावर गोळा व्हायची. "नानासना घरनं नेट म्हनजे वाघ शे," असे म्हणायची. वाघ म्हणजे मीच. मी मनातल्या मनात फुगून जात असे. चेतनाचे कॉलेज माझ्यावर झाले. छबूबाईंनी सुरतेच्या बहिणीशी तासन्‌तास गप्पा मारल्या, त्याही माझ्यातूनच गेल्या.

मग नाना निवृत्त झाले. खोली सोडावी लागणार होती. प्रकाशाला त्यांनी आधीच जागा घेऊन घर बांधायला काढले होते. सामान हलले, अजितने मला खांबावरून उतरवले आणि माझे वेटोळे नव्या घराच्या ओट्यावर एका खिळ्याला अडकवले. शेजारी रंगाचे रिकामे डबे आणि जुन्या चपला. त्या खिळ्यावर बरेच दिवस कोणी माझ्याकडे बघितले नाही. जाता-येता नानांचा पाहुणा म्हणाला, "नवा घरले जुनी तार काब्र लावतस नाना?" तेव्हा मला माझ्या मळक्या अंगाची लाज वाटली. पुढे जी लाज वाटायची होती, तिच्यापुढे ती काहीच नव्हती.

त्या खिळ्यावरून मला समोरची गल्ली दिसे आणि लगतचे घर दिसे. मातीच्या भिंती, वर पत्रे. तिथे रूपलीबाई राहते. तिचा मुलगा उदेसिंग, सून आणि नात सोनम. ती भिल्ल समाजाची. घरात भिलोरी बोलते, नानांच्या घराशी अहिराणीत. नानांचे घर बांधले जात होते तेव्हा लोखंडी सळया आणि सिमेंट तिच्या अंगणात ठेवलेले होते आणि राखण तीच करत होती. गवंडी तिच्या माठातले पाणी पीत. हे मी पाहिलेले नाही. छबूबाई एकदा आपल्या वहिनीला सांगत होत्या, ते ऐकलेले आहे.

पुढचे मात्र मी पाहिले.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी नाना जेवण सांगायला निघाले. आमच्या खानदेशात याची रीत आहे. वाटीत अक्षता घेऊन दारोदार जायचे. ज्या घराशी बेताचे संबंध, तिथे घरटी एक माणूस सांगायचे. ज्या घराला आपले मानायचे, तिथे 'चूलबंद' सांगायचे. चूलबंद म्हणजे त्या घराने त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचे.

नाना पायऱ्या उतरले. रूपलीबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. नाना येताना दिसले तशी ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि पदर सावरून उभी राहिली. नानांची नजर वाटीतल्या अक्षतांवर गेली आणि तिथेच राहिली. ते तिच्या दारावरून पुढच्या दारी गेले. रूपलीबाई थोडा वेळ तशीच उभी होती. मग खाली बसून पुन्हा तांदूळ निवडू लागली.

नाना परतल्यावर छबूबाईंनी ओट्यावरच विचारले, "भितले भित लागेल शे तिनी. तिले नही सांगं तुम्ही?"

"पंगतमा आपला सोयरा ऱ्हातस," नाना म्हणाले. "कोन कोना बाजूले बसस, उगाच बोभाटा. नंतर डबा धाडी देसूत."

 दुसऱ्या दिवशी वरण-बट्टीचा घमघमाट गल्लीभर पसरला. रूपलीबाईच्या पत्र्यातून मात्र रोजच्या वेळी रोजच्यासारखाच चुलीचा धूर निघाला. संध्याकाळी डबा गेला. तो झाकणासकट परत आला, भरलेलाच.

आता चेतनाचे ऐका. कॉलेज झाल्यावर ती बरेच दिवस नोकरी शोधत होती. शेवटी सुरतेच्या एका कंपनीने तिला घरी बसून ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याचे काम दिले. अट एकच होती. सोमवारी दहाला ती पक्क्या नेटवर हजर पाहिजे, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. मोबाइलवर त्या भागात आवाज तुटतो. म्हणून सगळी मदार माझ्यावर होती.

अजितला सवड मिळाली ती नेमकी सोमवारी सकाळी. त्याने मला खिळ्यावरून काढले, झटकले, खांद्यावर घेतले आणि खांब बघून आला.

"नाना, खांब रूपलीबाईना घरना मांगे शे," तो म्हणाला. "तार तिना छपरावरतीनच येई. दुसरी वाट नही."

"गल्लीतीन फिराई आन ना."

"गल्लीतीन ऊस भरेल ट्रॉल्या जातीस. भरेल ट्रॉली गयी का तार बी तिना संगे कारखानाले गयी समजा."

नाना हसले नाहीत. "मंग तू इचारी ले तिले."

"मी नही इचारस," अजित म्हणाला. त्याने शिडी भिंतीला टेकवली आणि तो पायरीवर बसला. "मी तिना घरनं पानी पेयेल शे. घर तुमनं शे, तुम्हीच इचारा."

नानांनी छबूबाईंकडे पाहिले. छबूबाई म्हणाल्या, "मी कोन्ता तोंडे जाऊ? अक्षदानी वाटी तुमना हातमा व्हती."

घड्याळ पुढे सरकत होते. शेवटी चेतनाच उठली. पायांत चपलाही न घालता ती शेजारी गेली. मागून मला खांद्यावर घेऊन अजित. त्यामुळे मी दारातच होते, तिच्या तोंडासमोर.

"मावशी," चेतना म्हणाली आणि थांबली. "आज मन्ही नोकरी सुरू व्हई ऱ्हायनी. तार तुमना छपरावरतीन लेवानी शे. बांधू का?"

रूपलीबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"बांधा ना," ती म्हणाली. "तार काय पंगतमा बसस का?"

मित्रांनो, मला त्या क्षणी वेटोळ्यातल्या वेटोळ्यात शिरून बसावेसे वाटले. चेतनाचे कान लाल झाले. आमच्या ओट्यावर नाना उभे होते, त्यांनाही ते ऐकू गेले.  नंतर अजितने भिंतीला भोक पाडले तेव्हा उडालेली चुन्याची भुकटी ते स्वतः फडक्याने पुसत बसले. एरवी त्यांना कोणी फडके हातात घेतलेले पाहिले नव्हते.

अजितने मला रूपलीबाईच्या पत्र्यावरून ओढले. त्याची शिडी खांबाला लागली होती, म्हणून पत्र्यावर चढायला तिने त्याला स्वतःची खाट दिली. हिरवा दिवा लागला. बरोबर दहाला चेतना कानाला हेडफोन लावून बसली. माझे काम सुरू झाले.

पण आठवड्याने उत्तरेकडून वारा सुटला. पत्र्याच्या धारदार कडेवर मी दाबली जाऊ लागले, वाकू लागले. उजेड अडे आणि राउटरवर लाल दिवा लागे. ग्राहक बोलत असे आणि मधेच चेतना, "हॅलो, हॅलो, आवाज आ रहा है क्या?" तिसऱ्या दिवशी कंपनीतल्या बाईने तिला बजावले, की हे असेच चालले तर आम्हाला दुसरे कोणी बघावे लागेल. चेतनाचे ते "हॅलो" पलीकडच्या मातीच्या भिंतीतूनही जात असणार.

नानांनी अजितला फोन केला. तो धडगावला होता, उद्या येतो म्हणाला. म्हणजे पुन्हा त्याच छपरावर चढायचे, पुन्हा तिलाच विचारायचे. नाना दुपारभर ओट्यावर फेऱ्या मारत होते. दोनदा पायऱ्या उतरले आणि दोनदा परत वर आले.

दुपार कलताना, नाना आत जाऊन आडवे झाले तेव्हा, रूपलीबाईने खाट पत्र्याला लावली. ती वर चढली. मला वाटले, आता ही मला सोडून खाली फेकणार, आणि ते योग्यच होईल. तिने मला उचलले. निळ्या लुगड्याची धुतलेली चिंधी घेऊन पत्र्याच्या कडेला घडी घालून बसवली, मला तिच्यावर ठेवले आणि सुतळीने बांधले, घट्ट पण न आवळता. मग हळूच म्हणाली, "आते नीट बस."

त्यानंतर लाल दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी अजित आला. वर चढून त्याने पाहिले आणि खाली येऊन नानांना सांगितले, "मन्हं काही काम नही आठे. बाईनी करी ठेवेल शे." चिंधीबद्दलही सांगितले. नाना बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिले. मग घरात जाऊन म्हणाले, "उद्या सयपाक करा. चूलबंद सांगी येस."

छबूबाई म्हणाल्या, "उद्या कसाले? आज सांगा."

"आते सांज व्हयनी. सकायले बरं दिसस."

सकाळी नानांनी धुतलेला सदरा घातला, वाटीत अक्षता घेतल्या, नारळ घेतला आणि ते पायऱ्या उतरले. या वेळी ते थेट त्याच दारी गेले. दाराला कुलूप होते. अंगणातली खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. पत्र्यातून चुलीचा धूर निघत नव्हता.

दोन गल्ल्या पलीकडे धनुबाई राहते. किल्ली तिच्याकडे ठेवलेली निघाली. लगतच्या घरी नाही, दोन गल्ल्या पलीकडे.

"उसतोडनी टोळी गयी पहाटमा, बारडोलीकडे," धनुबाई म्हणाली. "चारी जन गयात. होळीले येतीन." मग वाटीकडे बघून म्हणाली, "तवलोंग अक्षदा जपी ठेवा, नाना."

नाना घरी आले आणि त्यांनी हे छबूबाईंना सांगितले, तेव्हा मला कळले. शिजवलेल्या बट्ट्या कोणी नीट खाल्ल्या नाहीत.

मित्रांनो, मला वाकवू नका, माझ्यावर ओले कपडे वाळत घालू नका, हे तर मी सांगणारच. पण आज माझे मागणे दुसरे आहे. तुमच्या घरी नेट आले असेल तर एकदा बाहेर जाऊन बघा, ती तार कोणाच्या छपरावरून आली आहे. आणि त्या घराला तुमच्याकडे जेवायला सांगितले होते का, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. मी रोज रूपलीबाईच्या पत्र्यावर, तिच्या लुगड्याच्या चिंधीवर निजते. सुरतेच्या माणसाची तक्रार माझ्यातून चेतनापर्यंत पोचते. पण नानांचे दोन शब्द बारडोलीकडच्या उसाच्या कोणत्या फडात पोचवायचे, ते मला ठाऊक नाही. रूपलीबाईचा फोन नंबर या घरात कोणीच कधी घेतलेला नव्हता.

अक्षतांची वाटी कपाटावर राउटरच्या शेजारी ठेवलेली आहे. चेतनाची नोकरी चालू आहे. आज सकाळपर्यंत रूपलीबाईच्या दाराला कुलूप आहे आणि दिवा हिरवा आहे.